आरएसआय २७ झाला म्हणून शेअर घ्यायचा का? मुलुंडमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

१५ नोव्हेंबर २०२४ ला शुक्रवार होता. गुरु नानक जयंतीमुळे बाजार बंद, म्हणून मी घरीच होतो. सकाळी साडेदहाला माझ्या शाळासोबत्याच्या आई आल्या. मुलुंड पूर्वेला आमच्यापासून दोन इमारती सोडून राहतात, लहानपणापासून मी त्यांना काकूच म्हणतो. हातात काकांची जुनी फाइल आणि तीन लाखांच्या एफडीची पावती होती. बसायच्या आधीच म्हणाल्या, "सोमवारी ही मोडायची ठरवलीय. त्याआधी एकदा तुझ्या नजरेखालून जाऊ दे."

मी फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात तेवीस वर्षं काढली आणि आता शनिवार-रविवारी थोड्या लोकांना चार्ट वाचायला शिकवतो. सेबीकडे सल्लागार म्हणून माझी नोंदणी नाही आणि या कामाचे मी पैसेही घेतले नाहीत. मी वाचून दाखवायचं, ठरवायचं काकूंनी, असंच आमचं ठरलं होतं. ते मी एका ठिकाणी पाळलं नाही, त्याबद्दल पुढे येईलच. काकूंच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. कुटुंबाची आणि कंपनीची ओळख झाकली आहे.

काकू ६७ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. शेअर बाजार हा काकांचा प्रांत होता. घरबांधणीला लागणारा माल बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचे ८०० शेअर काकांनी २०१९ मध्ये १८६ रुपयांनी घेतले होते. २०२१ मध्ये काका गेले आणि रीतसर कागद होऊन ते शेअर काकूंच्या डिमॅटमध्ये आले. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव ७४२ ला गेला, म्हणजे शेअरची किंमत ५,९३,६०० रुपये झाली. काकूंनी तो आकडा फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

अडचण

१४ नोव्हेंबरचा बंद भाव ५४१ होता. दिवाळीत, १ नोव्हेंबरच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, काकूंनी ५८८ ने आणखी १०० शेअर घेतले होते. आता हाताशी ९०० शेअर होते आणि एफडी मोडून आणखी साडेपाचशे घ्यायचे होते. सुचवलं होतं वरच्या मजल्यावरच्या मुलाने. टेलिग्रामवरच्या कुठल्याशा चॅनलचा निरोप त्याने पाठवला होता: आरएसआय २७, शेअर ओव्हरसोल्ड, ऍव्हरेज करा. आरएसआय हे भावाचा जोर मोजायचं एक मोजमाप, ते ३० च्या खाली गेलं की शेअर प्रमाणाबाहेर विकला गेला, म्हणजे ओव्हरसोल्ड, असं म्हणतात. ऍव्हरेज करा म्हणजे पडत्या भावाने आणखी घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणा.

"किती तोटा झालाय ते बघ," काकू म्हणाल्या. "एक लाख साठ हजार गेले."

मी फाइल उघडून खरेदीची पानं काढली. काकांची किंमत १८६, आजचा भाव ५४१. मुहूर्ताच्या १०० शेअरवर सत्तेचाळीसशे रुपये उणे होते, बाकी ८०० वर दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांचा नफा होता. काकू तोटा मोजत होत्या तो ७४२ पासून. या भावाने त्यांनी एकही शेअर कधी घेतला नव्हता. तरी रोज सकाळी त्यांच्या पोटात गोळा येत होता तो खराच होता. शिखरावरचा आकडा एकदा पाहिला की तो आपला वाटायला लागतो, आणि मग माणूस तो परत मिळवण्यासाठी पैसे घालतो. ऍव्हरेज म्हणताना आपली सरासरी १८६ वरून खरं तर वर चालली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेच्याही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. ती एफडी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली होती.

चार्टवर काय दिसत होतं

काकूंना मी लॅपटॉप दाखवला नाही. वही आणि पट्टी मागवली. ज्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर आलेख काढले त्यांनी स्वतः काढलेला आलेखच त्यांना पटणार, असं मला वाटलं.

सुरुवात शिखरं आणि खोलगे मांडण्यापासून केली. अमेरिकन पत्रकार चार्ल्स डाऊच्या काळापासून चढ आणि उतार ओळखायची हीच साधी रीत आहे. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा उंच आणि प्रत्येक खोलगा आधीच्यापेक्षा वर असेल तर चढ, दोन्ही खाली सरकत असतील तर उतार. काकूंनी आकडे लिहिले: ऑगस्टमध्ये ७४२, सप्टेंबरच्या सुरुवातीला ६६४, सप्टेंबरअखेर ७०६. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ६६४ मोडला. तिमाही निकालानंतर २५ ऑक्टोबरला ६४७ वरून ५९४, त्या दिवशी उलाढाल नेहमीच्या चौपट. मग मुहूर्ताला ५८८ आणि आता ५४१. शिखर खाली आलं होतं, खोलगाही खाली गेला होता. हे उताराचं चित्र काकूंच्या मुहूर्ताच्या खरेदीआधी महिनाभर तयार होतं.

मग निफ्टीशी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी, तुलना केली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात बोलकी खूण तीच होती. शेअरच्या भावाला निफ्टीने भागायचं आणि सोयीसाठी शंभराने गुणायचं. ऑगस्टच्या शिखराला निफ्टी २४,८०० च्या आसपास होता, उत्तर आलं २.९९. २७ सप्टेंबरला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला. त्याच आठवड्यात आपला शेअर ७०६ च्या वर जाऊ शकला नाही, उत्तर २.६९. १४ नोव्हेंबरला निफ्टी २३,५३३ आणि शेअर ५४१, उत्तर २.३०.

काकूंनी तीन आकड्यांखाली रेघ मारली. "म्हणजे बाजार पडला म्हणून हा पडला असं नाही. बाजार वर जात होता तेव्हाच हा मागे पडायला लागला होता."

अगदी तेच. त्या काळात परदेशी गुंतवणूकदार संस्था जोरात विकत होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी भारतीय शेअरमधून साधारण ९४,००० कोटी रुपये काढून घेतले, आणि बाजारात प्रत्येक घसरणीचं खापर त्यांच्यावर फुटत होतं. पण निफ्टी शिखरापासून दहा टक्के उतरला तेवढ्यात हा शेअर ७०६ वरून तेवीस टक्के उतरला होता. संपूर्ण बाजाराचं दुखणं आणि या एका कंपनीचं दुखणं वेगळं करून बघायला हा भागाकार पुरतो. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

चल सरासऱ्या, म्हणजे शेवटच्या ठराविक दिवसांच्या बंद भावांच्या रोज पुढे सरकणाऱ्या सरासऱ्या, मी पटकन उरकल्या. ५० दिवसांची ६३८, २०० दिवसांची ६०४, भाव दोन्हींच्या खाली. ५० ची सरासरी अजून २०० च्या वर होती, म्हणजे ज्याला बाजारात डेथ क्रॉस म्हणतात तो झाला नव्हता. वरच्या मजल्यावरचा मुलगा याच गोष्टीवर भरवसा ठेवून होता. सरासरी ही झालेल्या भावांची असते, ती मागूनच येणार.

उलाढालीचं चित्रही तसंच होतं. पडत्या दिवशी उलाढाल जास्त, चढत्या दिवशी कमी. २५ ऑक्टोबरला डिलिव्हरीचं प्रमाण ५८ टक्के होतं, एरवी ते चाळिशीच्या आसपास असायचं. म्हणजे त्या दिवशी निव्वळ दिवसभराच्या सट्ट्याचे सौदे कमी होते, ज्यांच्याकडे शेअर होते त्यांनी खरोखर काढून टाकले. समोर कोणीतरी ते घेतलेही, हे खरं. पण घेणाऱ्याने चढा भाव दिला नाही, पडता भाव घेतला.

आता आरएसआय. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे मोजमाप. शेवटच्या १४ सत्रांत भाव ज्या दिवशी वाढला त्या वाढींची बेरीज आणि ज्या दिवशी पडला त्या घटींची बेरीज यांचं गुणोत्तर ते शंभराच्या पट्टीवर दाखवतं. सॉफ्टवेअर त्यात थोडी गुळगुळीत सरासरी वापरतं, पण गाभा एवढाच. काकूंनी बंद भावांवरून हाताने काढलं: वाढ ३१ रुपये, घट ८४ रुपये. ३१ भागिले ८४ म्हणजे ०.३६९. शंभराला १.३६९ ने भागून शंभरातून वजा केलं तर २७.

पेन खाली ठेवून काकूंनी विचारलं, "यात भाव स्वस्त आहे असं कुठे आलं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत फार थोड्या जणांनी विचारला आहे. यात स्वस्त-महाग काहीच येत नाही. चौदा दिवसांत विकणाऱ्यांचा जोर जास्त होता, एवढंच २७ सांगतं. भाव एका पट्ट्यात वरखाली करत असतो तेव्हा ३० च्या खालून उसळी येण्याची शक्यता बरी असते. उतार सुरू असेल तर आरएसआय ३० च्या खाली जातो, ५० पर्यंत येतो, पुन्हा खाली जातो, आणि त्या प्रत्येक फेरीत भाव आणखी खाली असतो. मी काकूंना येस बँकेचा २०१८ ते २०२० चा चार्ट उघडून दाखवला. ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास असलेला तो शेअर मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले तोपर्यंत दोन आकड्यांवर आला होता आणि त्या वाटेवर आरएसआय कितीदा तरी ३० च्या खाली गेला होता. प्रत्येक वेळी कोणीतरी ऍव्हरेज केलंच असेल. पुढे पुनर्रचना योजनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकून पडले. हे कुठलाही चार्ट आधी सांगू शकला नसता. काकूंची कंपनी म्हणजे येस बँक नव्हे, हेही मी दोनदा सांगितलं. दाखवायचं होतं ते एवढंच, की ३० हा आकडा जमीन नव्हे.

शेवटची रेघ ५१८ वर मारली. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला होता. त्या दिवसाच्या घबराटीत या शेअरने ५१८ चा तळ केला आणि तिथून तो ७४२ ला गेला. त्या भावाला तेव्हा खरेदीदार उभे होते. ते अजून उभे आहेत का, याची परीक्षा ५१८ ला होणार होती.

समोरचे पर्याय

दुपारी काकूंचा मुलगा पुण्याहून फोनवर आला. बोलणं दीडएक तास चाललं.

एफडी मोडून घ्यायचं, हा पहिला पर्याय चार्टपर्यंत जायच्या आधीच बाद व्हायला हवा होता. ऑपरेशन मार्च-एप्रिलमध्ये करायचं होतं. चार महिन्यांनी लागणारा पैसा शेअरमध्ये घालायचा नाही, मग चार्ट कितीही गोड दिसो. मुलाने हे एका वाक्यात संपवलं आणि काकूंनी पावती पर्समध्ये ठेवली.

काहीच न करता थांबायचं, हे मुलाचं मत होतं. काकांनी पाच वर्षांसाठी नव्हे, पंधरा वर्षांसाठी घेतले होते, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण काकूंच्या एकूण शेअरपैकी निम्म्याहून जास्त किंमत या एकाच कंपनीत होती. एवढं एका टोपलीत असताना "थांबू" म्हणणं हासुद्धा मोठा निर्णयच असतो.

सगळे विकायचे, असं मला वाटत होतं, आणि मी ते पुरेशा स्पष्टपणे बोललो नाही. काकू फाइलवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यातल्या खरेदीच्या पावतीवर काकांची सही होती. मला धीर झाला नाही.

राहिला मधला मार्ग, काही विकायचे. किती, हे ठरवताना करमणूक म्हणून आम्ही कर काढायला घेतला आणि करानेच आकडा ठरवला. वारसाने आलेल्या शेअरला काकांचीच किंमत आणि काकांचीच तारीख लागते, म्हणून नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आहे. ५४१ ला विकले तर एका शेअरमागे ३५५ नफा. ३५० शेअर विकले तर एक लाख चोवीस हजार, म्हणजे कर शून्य. एकाच डिमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे मुहूर्ताचे तोट्यातले १०० वेगळे काढून विकणंही शक्य नव्हतं. ३५० हा आकडा सगळ्यांना आवडला. मलाही.

काय केलं

सोमवारी, १८ नोव्हेंबरला, काकूंनी ३५० शेअर सरासरी ५३४ ने विकले. आले १,८६,९०० रुपये. ते बँकेत एफडीत गेले.

उरलेल्या ५५० साठी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: शुक्रवारचा बंद भाव ५१८ च्या खाली गेला तर पुढच्या सोमवारी ३०० विकायचे. दुसरी: भाव ५० दिवसांच्या सरासरीवर बंद होऊन वाढत्या उलाढालीने आधीचं शिखर ओलांडेपर्यंत एकही नवा शेअर घ्यायचा नाही. आठवड्याचा बंद भाव घेण्याचं कारण ४ जूनच होतं. दिवसभरातल्या एका घबराटीच्या टोकाने शेअर हातून जायला नकोत. ब्रोकरच्या ऍपमधली जीटीटी ऑर्डर, म्हणजे आधीच भाव ठरवून लावून ठेवलेली ऑर्डर, भाव टेकला की लगेच सुटते, आठवडा संपायची वाट बघत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाजार सावरला. निफ्टी २४,७०० पर्यंत गेला आणि आपला शेअर ५९२ ला. काकूंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, हळहळ होती. "अरे, महिनाभर कळ काढली असती तर वीस हजार जास्त आले असते." हिशेब बरोबर होता. ३५० शेअरवर प्रत्येकी ५८ रुपये. मी त्यांना उलाढाल बघायला सांगितली. ती ऑक्टोबरच्या पडत्या दिवसांच्या निम्मीही नव्हती. आरएसआय ५४ पर्यंत येऊन वळला. ५० दिवसांची सरासरी ५९८ वर आली होती आणि भाव तिच्या खालीच अडला. त्याच सुमारास ती सरासरी २०० दिवसांच्या सरासरीखाली गेली आणि डेथ क्रॉस झाला. भाव ५४१ होता तेव्हा न आलेला हा धोक्याचा इशारा ५९२ ला आला. ज्यांनी निव्वळ तोच बघितला त्यांना तो खोटा वाटला असणार.

जानेवारीत पुन्हा उतार. शुक्रवार, २४ जानेवारी २०२५ ला शेअर ५११ वर बंद झाला. वहीतली पहिली ओळ लागू झाली होती. संध्याकाळी साडेचारला काकूंनी फोन केला. "सोमवारी तीनशे. बरोबर?"

आणि मी म्हणालो, "गुरुवारी निकाल आहेत. शनिवारी बजेट आहे. इतके दिवस थांबलात, चार दिवस अजून थांबा."

हे वाक्य मी का बोललो याचा मी नंतर बराच विचार केला. ५१८ आणि ५११ मध्ये फक्त सात रुपयांचं अंतर होतं आणि डिसेंबरची हळहळ माझ्या कानात होती. पुन्हा माझ्यामुळे त्या लवकर विकतील आणि भाव वर जाईल, अशी भीती होती. म्हणजे त्या क्षणी मी चार्ट वाचत नव्हतो, स्वतःला वाचवत होतो.

सोमवारी भाव ५०३ होता. गुरुवारी, ३० जानेवारीला बाजार बंद झाल्यावर निकाल आले. सलग दुसऱ्या तिमाहीत नफ्याचं प्रमाण घटलं होतं. शुक्रवारी शेअर उघडलाच ४५२ ला. काकूंनी मला न विचारता सकाळीच ३०० शेअर ४४७ ने विकले. १,३४,१०० रुपये आले.

त्या रात्री मी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीचा डिसेंबर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता उघडला. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर त्यांच्या हिश्श्याच्या ६ टक्क्यांवरून १९ टक्के झाले होते. हा तक्ता तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत द्यावा लागतो, त्यामुळे काकूंचा फोन आला त्या शुक्रवारी तो तिथे होता. मी बघितला नव्हता. गहाणाचं प्रमाण वाढलं आणि भाव पडत गेला तर कर्ज देणारा जास्त तारण मागतो, न मिळाल्यास शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. पडत्या शेअरचा चार्ट बघताना हा तक्ता शेजारी उघडा ठेवायलाच हवा. आरएसआय आणि उलाढाल विक्री चालू आहे एवढं सांगतात. कोण विकतंय आणि पुढे कोणाला विकणं भाग पडेल, याचा माग तिथे लागतो.

काय झालं

फेब्रुवारीत निफ्टीचा सलग पाचवा महिना घसरणीचा गेला. २८ फेब्रुवारीला आपला शेअर ३७२ वर होता, आरएसआय २२. ७ एप्रिलला, अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धक्क्याने जगभरचे बाजार कोसळले, त्या दिवशी ३४१. मार्चमध्ये काकूंचं ऑपरेशन झालं होतं. पैसे ठरल्या जागी होते.

मग बाजार उसळला. ३० जून २०२५ ला निफ्टी २५,५१७ वर होता, शिखरापासून हाकेच्या अंतरावर. आपला शेअर ४०७. काकूंनी भागाकार केला: १.६०. ऑगस्टमध्ये तो २.९९ होता.

त्या दिवशी आम्ही पूर्ण हिशेब मांडला. विक्रीतून ३,२१,००० रुपये आले, हातात २५० शेअर म्हणजे १,०१,७५० रुपये. जानेवारीच्या विक्रीने वर्षाचा नफा सव्वा लाखाच्या वर गेला, त्यामुळे उपकरासह ९,७६३ रुपये कर बसला. निव्वळ ४,१२,९८७. काहीच केलं नसतं तर ९०० शेअरचे ३,६६,३०० राहिले असते. १८ नोव्हेंबरला सगळे ५३४ ने विकले असते तर मुहूर्ताच्या शंभरांचा तोटा वळता करून, १९,२४० कर भरून ४,६१,३६० उरले असते. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा सुमारे सत्तेचाळीस हजार जास्त, आणि सगळं विकण्यापेक्षा सुमारे अठ्ठेचाळीस हजार कमी. बरोबर मधोमध. एफडी मोडून ५५० शेअर घेतले असते तर त्यावर आणखी त्र्याहत्तर हजार सातशे उणे झाले असते, आणि मार्चमध्ये इस्पितळाच्या बिलासाठी ते चारशेच्याही खाली विकावे लागले असते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात स्वच्छ खूण सप्टेंबरअखेरची होती. निफ्टी उच्चांकावर, शेअर ७०६ वर अडकलेला. तेव्हा कोणी बघतच नव्हतं. शेअर चढत असताना काकू फक्त भाव बघत, पडायला लागल्यावर चार्ट बघायची आठवण झाली. महिन्यातून एकदा, अगदी दहा मिनिटं, हा भागाकार केला असता तरी ऑक्टोबरात ६६४ मोडला तेव्हा प्रश्न उभा राहिला असता. मुहूर्ताची खरेदी तर नक्कीच झाली नसती.

३५० हा आकडा कराने ठरवला, हे मला आज चूक वाटतं. चार्ट जे सांगत होता त्यानुसार निदान ५५० जायला हवे होते. नोव्हेंबरात २०० जास्त विकले असते तर साधारण नऊ हजार कर पडला असता. पण तेच २०० पुढे ४४७ ला गेले आणि एका शेअरमागे ८७ रुपये हुकले, म्हणजे १७,४०० रुपये. कर टाळायचा मोह फार साधा, सभ्य दिसतो. त्याच्या आड निर्णय लपतो.

जानेवारीतल्या चार दिवसांची किंमत १६,८०० रुपये. तीनशे शेअर, ५०३ ऐवजी ४४७. ही सर्वस्वी माझी. लिहिलेल्या ओळीला निकालाचा अपवाद नव्हता, तो मी फोनवर जोडला. निकालापर्यंत थांबायचं असेल तर तसं नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं, भाव ५११ असताना नव्हे.

जीटीटी लावली असती तर? ५१८ टेकताच ती सुटली असती आणि आम्हा दोघांचाही हात मध्ये आला नसता. आता मला वाटतं की ज्यांचा हात अडतो त्यांनी दिवसातल्या टोकाचा धोका पत्करून ती लावावी. मात्र अचानक आलेल्या बातमीपुढे तीही थिटी पडते. ७ जानेवारी २००९ ला हिशेबातला घोटाळा उघड झाल्यावर सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के पडला. मधल्या भावांना विकायची संधी नावालाच होती. तिथे वाचवतं ते एका शेअरमध्ये किती पैसा ठेवला होता हे प्रमाण. काकूंच्या बाबतीत ते निम्म्याहून जास्त होतं, आणि त्यावर आम्ही नोव्हेंबरात पाचच मिनिटं बोललो. ते तासभर बोलायला हवं होतं.

आणि काकांची सही असलेली पावती. सगळे विकावेत असं मला वाटत होतं तर ते मी तिच्याकडे बघूनही सांगायला हवं होतं. नको म्हणायचा हक्क काकूंचा होता. मी तो त्यांच्यापर्यंत जाऊच दिला नाही.

आजची स्थिती

जुलैच्या सुरुवातीला काकूंनी वहीत एक गोष्ट दाखवली. फेब्रुवारीत भाव ३७२, आरएसआय २२. एप्रिलमध्ये भाव ३४१, आरएसआय ३३. भावाचा तळ खाली, आरएसआयचा वर. "हे तू मला शिकवलं नव्हतंस. म्हणजे आता घ्यायचा का?"

याला डायव्हर्जन्स म्हणतात आणि त्यांनी ते स्वतः शोधलं याचा मला मनापासून आनंद झाला. मी सांगितलं की विक्रीचा जोर ओसरतोय एवढं यातून दिसतं, खरेदीचा जोर आला असं नाही. मे महिन्यात भाव ४३१ पर्यंत जाऊन परत फिरला होता. २०० दिवसांची सरासरी ४७६ वर होती आणि अजून खालीच वळलेली. निफ्टीशी भागाकार वर वळला नव्हता. गहाणाचं प्रमाणही जूनच्या तक्त्यात बघायचं होतं.

२५० शेअर काकूंनी ठेवले आहेत. त्यांतले दीडशे काकांचे आणि शंभर मुहूर्ताचे. त्यांच्यासाठी वहीत नवी ओळ आहे: शुक्रवारचा बंद भाव ३४१ च्या खाली गेला तर सोमवारी सव्वानऊला सगळे विकायचे, आणि त्याआधी मला फोन करायचा नाही. शेवटचे शब्द काकूंनी लाल पेनाने लिहिले आहेत.